अनुमोदनाचा वाटा

एखाद्या राजकीय नेत्याला जाहीर पाठिंबा देणे ही मतदानापेक्षा वेगळ्या जातीची कृती आहे. मत गुप्त असते आणि त्याचे वजन एका मताइतकेच असते. जाहीर पाठिंबा मात्र देणाऱ्याच्या नावलौकिकासह इतरांच्या निर्णयात शिरतो. देणारी व्यक्ती संत, आचार्य, मठाधिपती, इमाम किंवा विचारवंत असेल, तर तिच्या शब्दामागे कित्येक वर्षांची साधना, त्याग किंवा विद्वत्ता उभी असते. ती पुण्याई राजकारणात कमावलेली नसते, पण पाठिंबा दिल्या क्षणी राजकारणात खर्च होते. त्या नेत्याने पुढे सत्तेचा दुरुपयोग केला तर दोषाचा काही अंश पाठिंबा देणाऱ्याकडे येतो का, येत असेल तर किती, आणि तो फिटतो कसा, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. आपण फक्त मत व्यक्त केले होते, हे उत्तर मोठ्या धर्मपरंपरांना पुरेसे वाटलेले नाही.

पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवून घेतलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला अनुमोदन दिलेले. जैन आचारशास्त्र या तिन्हींना मन, वाणी आणि काया यांची जोड देऊन नऊ कोटी मानते. साधूचे महाव्रत या नऊही अंगांनी पाळायचे असते, म्हणजे हिंसेला मनातल्या मनात दिलेली संमतीसुद्धा व्रतभंगच ठरते. कुराणातील सूरह निसाच्या ८५व्या आयतीत, चांगल्या कामासाठी रदबदली करणाऱ्याला त्या चांगल्याचा आणि वाईट कामासाठी करणाऱ्याला त्या वाईटाचा हिस्सा मिळतो असे म्हटले आहे. बायबलच्या नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, कोणाच्याही मस्तकावर घाईने हात ठेवू नये आणि दुसऱ्याच्या पापात भागीदार होऊ नये, असे बजावले आहे. मस्तकावर हात ठेवणे हा पदावर नेमण्याचा विधी होता. घाईची नेमणूक आणि पापातली भागीदारी या दोन गोष्टी तिथे एकाच दमात येतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या विचाराची सर्वांत नेमकी मांडणी महाभारताच्या सभापर्वात सापडते. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म उत्तर टाळतात. बाकीचे बहुतेक गप्प राहतात. कौरवांपैकी विकर्ण तेवढा उघड बोलतो. त्या वेळी विदुर सभेला कश्यपाने प्रल्हादाला दिलेल्या निर्णयाची आठवण करून देतो. निंद्य कृत्याची निंदा जिथे होत नाही, तिथे पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे आणि एक चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेबद्दल अशीच वाटणी आहे, फक्त तिथे कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा यांना प्रत्येकी एक चतुर्थांश वाटा येतो. दोन्ही ग्रंथांचा त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. निंदेस पात्र असलेल्याची निंदा झाली की प्रमुख निर्दोष ठरतो, सभासद सुटतात आणि सगळे पाप करणाऱ्यावर जाते.

उत्तरदायित्वाचा पूर्ण सिद्धांत या वाटणीत आहे. मान्यवराचा वाटा त्याच्या प्रतिष्ठेमुळे वाढतो, घटत नाही. तो वाटा केवळ मनातल्या नाराजीने किंवा खासगीत दिलेल्या सल्ल्याने फिटत नाही. जिथे मान डोलावली त्याच सभेत, तितक्याच स्पष्ट आवाजात निषेध करावा लागतो. मौन तिथे तटस्थता ठरत नाही. सभेत बसलेल्या वजनदार माणसाचे मौन हे चालू असलेल्या गोष्टीला मिळालेले अनुमोदनच असते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. उद्या कोण कसा वागेल हे आज कोणाला ठाऊक असते? दुसऱ्याच्या भावी दुष्कृत्याची जबाबदारी आज शब्द देणाऱ्यावर टाकली, तर कोणीच कोणाला पाठिंबा देणार नाही, आणि लोकशाहीत तर जाणत्यांनी बोलणे आवश्यक असते. या आक्षेपाचे उत्तर योगसूत्राच्या त्याच सूत्रात मिळते. तिथे दोष मृदू, मध्य आणि तीव्र अशा तीन पायऱ्यांचे मानले आहेत आणि त्यांच्या मुळाशी लोभ, क्रोध आणि मोह सांगितले आहेत. संस्थेसाठी जमीन किंवा अनुदान मिळावे म्हणून दिलेला पाठिंबा, विरोधकाच्या द्वेषातून दिलेला पाठिंबा आणि नेत्याच्या तेजाने दिपून दिलेला पाठिंबा यांची प्रत सारखी नाही. ज्याला काहीच कळणे शक्य नव्हते त्याचा दोष मृदू. ज्याला चिन्हे दिसत होती आणि ज्याने ती नजरेआड केली त्याचा मध्य. जे घडत आहे ते पाहूनही ज्याने आपले नाव मागे घेतले नाही, त्याचा तीव्र. म्हणजे कसोटी पाठिंबा दिल्याच्या दिवशी संपत नाही. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

आधुनिक भारतात या प्रश्नाचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण विनोबा भावे यांचे आहे. क्लेशदायक अशासाठी की लोभाचा किंवा क्रोधाचा संशयही त्यांच्यावर घेता येत नाही. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांनी देश पायी पालथा घातला. २५ डिसेंबर १९७४ पासून पवनारच्या आश्रमात त्यांनी एक वर्षाचे मौन धरले. त्या मौनाच्या मध्यावरच, जून १९७५ मध्ये, आणीबाणी लागू झाली. मौनातच त्यांनी या कालखंडाला ‘अनुशासन पर्व’ असे संबोधले. महाभारताच्या तेराव्या पर्वाचे हे नाव. शरपंजरी पडलेले भीष्म त्यात युधिष्ठिराला धर्म सांगतात. सरकारने हे दोन शब्द उचलले आणि प्रचारात देशभर वापरले. इकडे तुरुंग भरत होते. पुढे शाह आयोगाने नोंदवल्याप्रमाणे आणीबाणीच्या काळात एकूण १,१०,८०६ लोकांना स्थानबद्धतेच्या आणि संरक्षणविषयक कायद्यांखाली डांबण्यात आले. त्यांत विनोबांचे भूदानातले अनेक सहकारी होते.

मौन संपल्यावर विनोबांनी खुलासा केला. शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष आचार्य सांगतील ते समाजाने मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्य संमेलन भरले आणि देशाची स्थिती पूर्ववत व्हावी, असा सूर त्यातून निघाला. हा खुलासा प्रामाणिक मानला पाहिजे. मात्र विदुराच्या मापाने तो पुरेसा ठरत नाही. ते दोन शब्द सरकारी फलकांवर होते, आणि खुलासा सेन्सॉरच्या कात्रीखालच्या वर्तमानपत्रांच्या वाट्याला आला. वापरलेला शब्द सत्तेच्या हाती गेल्यावर त्याचा अर्थ सत्ता ठरवते, हे पाठिंबा देणाऱ्याने आधीच जाणायला हवे.

त्याहून अवघड बाब पुढची आहे. १९७६ मध्ये विनोबांनी गोवधबंदीसाठी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. तेव्हा सरकारने आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकावर कारवाई केली आणि नंतर आश्वासने देऊन उपोषण टाळले. म्हणजे विनोबांच्या शब्दाची आणि प्राणाची सरकारला भीती होती. ज्या माणसाच्या एका घोषणेने सरकार हलत होते, त्याने तीच घोषणा विनाचौकशी कोंडलेल्या लाखभर माणसांसाठी केली नाही. विनोबांचा दोष पहिल्या दोन शब्दांत फार नाही. ते मौनातले, अनेकार्थी आणि कदाचित सद्भावनेचे होते. दोष आहे तो नंतरच्या महिन्यांत, त्याच वजनाने ते मागे न घेण्यात.

त्याच काळात त्याच महाराष्ट्रात विकर्णाची भूमिका एका लेखिकेने घेतली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. यशवंतराव चव्हाण त्याचे स्वागताध्यक्ष होते आणि केंद्रात मंत्रीही होते. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध बोलून आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. दुर्गाबाईंनी कोणाला पाठिंबा दिला नव्हता, त्यामुळे त्यांना काही फेडायचे नव्हते. तरीही सभेत बसलेल्याचे कर्तव्य त्यांनी पाळले. ज्यांनी पाठिंबा दिला आहे त्यांच्यावर तर ते दुपटीने येते.

जयप्रकाशांची कथा प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. २४ मार्च १९७७ रोजी राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांनी त्यांच्या साक्षीने शपथ घेतली. पंतप्रधान कोण, हेही जयप्रकाश आणि आचार्य कृपलानी यांनीच ठरवले. दोन वर्षे आणि काही महिन्यांत तो पक्ष भांडणांत फुटला, जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये जयप्रकाश गेले. त्यांनी आपली निराशा लपवली नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाकडून त्याहून अधिक अपेक्षा करणे क्रूर ठरेल. म्हणून त्यांचा दोष मृदू. पण रचनेतला दोष मोठा होता. निवडून आलेल्यांनी वचन एका पूज्य व्यक्तीला दिले, आणि त्या व्यक्तीकडे ते वसूल करण्याचे कोणतेही साधन नव्हते. पुण्यवंताच्या साक्षीची शपथ मतदाराला दिलेल्या जबाबाची जागा घेऊ शकत नाही.

धर्मपीठावरून येणारा पाठिंबा याहून गंभीर असतो, कारण अनुयायासाठी तो सल्ला नसतो, आज्ञा असते. दिल्लीच्या जामा मशिदीच्या शाही इमामांकडून १९७७ मध्ये जनता पक्षासाठी, २००४ मध्ये भारतीय जनता पक्षासाठी आणि २०१४ मध्ये काँग्रेससाठी आवाहने झाली. डेरा सच्चा सौदाने २००७ मध्ये पंजाबात काँग्रेसला आणि २०१४ मध्ये हरयाणात भाजपला साथ दिली. पक्ष बदलणे हा गुन्हा नाही. पण मागच्या वेळी ज्याला मत द्यायला सांगितले त्याने काय केले, याचा हिशेब धर्मपीठाने अनुयायांपुढे मांडला पाहिजे. नाहीतर श्रद्धा ही एकगठ्ठा मालमत्ता होते आणि तिचा मालक तिसराच कोणीतरी असतो. अनुयायाने आपली विवेकबुद्धी गुरूच्या पायाशी ठेवली असेल, तर तिने केलेल्या निवडीचा भारही गुरूवरच येतो.

कायद्याची पोच इथे मर्यादित आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १२३ धर्माच्या नावाने मत मागणे आणि दैवी कोपाची भीती घालणे यांना भ्रष्ट आचरण ठरवते. २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्या तरतुदीची व्याप्ती वाढवून मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही तिच्यात आणले. कलम ९९ खाली न्यायालय उमेदवाराखेरीज भाषण करणाऱ्यालाही दोषी म्हणून नावानिशी नोंदवू शकते. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीवरून चाललेल्या रमेश प्रभू खटल्यात बाळासाहेब ठाकरे यांचे नाव तसेच नोंदले गेले आणि त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण या सगळ्याला उमेदवाराची संमती सिद्ध व्हावी लागते आणि तपासले जाते ते फक्त प्रचारातले बोलणे. निवडून आलेल्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या कारभाराबद्दल पाठिंबा देणाऱ्याला जाब विचारणारे एकही कलम या अधिनियमात नाही. तो जाब अनुयायांनी, वाचकांनी आणि शिष्यांनीच उघडपणे विचारला पाहिजे.