साक्षी नव्हे, आप्त

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दर चार वर्षांनी मतदार गव्हर्नरबरोबर राज्याचा हिशेबतपासनीसही निवडतात. २०२२ च्या नोव्हेंबरात या पदासाठी मतपत्रिकेवर पाच नावं होती आणि प्रत्येकासोबत पक्ष छापलेला होता. आपल्याला हे खटकतं. जमाखर्च तपासणाऱ्याने घरोघर मतं मागत फिरावं, हे पुजाऱ्याने नैवेद्याचा लिलाव करण्यासारखं वाटतं. त्यामागे आपल्या मनात खोल रुजलेली एक कल्पना आहे, ती म्हणजे साक्षीची. सांख्यांचा पुरुष नुसता पाहतो, करते ती प्रकृती. चित्रगुप्ताला कुणी निवडून दिलेलं नाही. खरा हिशेब तोच ठेवू शकतो ज्याचं या व्यवहारात काहीच गुंतलेलं नाही, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, घोटाळा इथेच आहे. असा अलिप्त साक्षी माणसांत सापडत नाही आणि हिशेबाच्या कामाला तो लागतही नाही.

या कामाला लागतो तो न्यायदर्शनातला आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा माणूस. वात्स्यायनाने त्याची ओळख फार सरळ सांगितली आहे: वस्तू ज्याने प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखंच लागू आहे. या वाक्याचं मोल मोठं आहे. विश्वासार्हता कुळातून येत नाही आणि वैराग्यातूनही येत नाही. पाहणं आणि पाहिलं तसं सांगणं, एवढ्यावरच ती उभी राहते. तपासनीस व्हाउचर हातात घेतो, त्यावरची रक्कम पावतीशी ताडतो, पावती बँकेच्या नोंदीशी ताडतो आणि जिथे जुळत नाही तिथे आक्षेप लिहितो. तो कोणत्या पक्षाचा आहे यावरून बेरीज बदलत नाही, आणि कुणालाही तीच बेरीज पुन्हा करून पाहता येते. अमेरिकेत सरकारी लेखापरीक्षणाचे जे मानदंड आहेत, ज्यांना तिथे ‘यलो बुक’ म्हणतात, ते तपासनीसाकडून मनाने स्वतंत्र असण्याची आणि तसं दिसण्याचीही अपेक्षा करतात. तरीही, ज्या मतदारांच्या राज्याचे हिशेब तपासायचे त्यांनीच थेट निवडलेला तपासनीस रचनेच्या दृष्टीने स्वतंत्र मानायला हरकत नाही, असं तेच सांगतात. कारण उघड आहे. पैसा ज्याचा, तपासनीस त्याने नेमावा. ज्याची वही तपासायची त्याने नव्हे.

आपल्याकडे महालेखापरीक्षकाची नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात सरकारच करतं, आणि निवड कशी करावी हे संविधान सांगत नाही. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत या पदाला बहुधा सर्वांत महत्त्वाचं ठरवलं होतं. म्हणूनच त्याला काढणं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकं अवघड केलं गेलं आणि पद सोडल्यावर सरकारी पदाचा मार्गही बंद ठेवला गेला. नेमलेला माणूसही आपोआप साक्षी होत नाही, हे जाणूनच ही कुंपणं घातली आहेत.

मतं मागणारा कुणालातरी खूश करणारच, हा आक्षेप मी हलका मानत नाही. मॅसॅच्युसेट्समधली २०२२ ची ती निवडणूक डायना डिझोग्लिओ यांनी जिंकली. त्याआधी दहा वर्षं त्या त्याच राज्याच्या विधिमंडळात होत्या आणि तिथल्या नेतृत्वाशी त्यांचे जाहीर खटके उडाले होते. विधिमंडळाचं ऑडिट करण्याची मागणी त्यांनीच लावून धरली. २०२४ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतदारांनी तिला होकार दिला. तरी विधिमंडळाच्या नेत्यांनी सत्ताविभाजनाचा मुद्दा पुढे करून दप्तर उघडायला नकार दिला. डिझोग्लिओ डेमोक्रॅट आणि विधिमंडळातलं मोठं बहुमतही डेमोक्रॅटांचंच, म्हणजे पक्षनिष्ठेने हे भांडण समजत नाही. जुना राग मात्र खरा धोका आहे. राग पाहण्याला धक्का लावत नाही, पण ‘पाहिलं तसं सांगण्या’ला लावतो. त्यावर उपाय आहेत: त्या स्वतः सभागृहात होत्या त्या वर्षांची तपासणी बाहेरच्या माणसांकडे द्यावी, आणि अहवाल दुसऱ्या तपासनीसांनी पारखावा. दप्तर बंद ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण त्याने आप्ताचं पहिलं लक्षणच, प्रत्यक्ष पाहणं, हिरावून घेतलं जातं.

मतदारांना हिशेबातलं काय कळतं, असंही विचारलं जातं. डेलावेअरमध्ये निवडून आलेल्या हिशेबतपासनीस कॅथी मॅकगिनेस यांना २०२२ मध्ये, मुलीला कार्यालयात नोकरी दिल्याच्या प्रकरणात, ज्यूरीने हितसंबंधांच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. त्यानंतरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना नाकारलं. मतदारांना तिथे ताळेबंद वाचायचा नव्हता; तपासणारीने स्वतःच्या घरात काय केलं एवढंच पाहायचं होतं, आणि ते त्यांना दिसलं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीही विधिमंडळाचे आकडे खोटे आहेत असा कौल दिलेला नाही, तसा तो मताने देताही येत नाही. त्यांनी एवढंच ठरवलं की ते आकडे कुणीतरी पाहावेत, आणि कुणी पाहावेत तेही.