कलावंताचें इमान

ज्या गुणासाठीं एखाद्या कलावंतावर आपण लोभ केला, तोच गुण त्यानें बाजूस ठेवला म्हणजे आपणांस फसविल्यासारखें वाटतें. परंतु तुम्हांस आवडलों तसाच जन्मभर राहीन, असें वचन त्यानें कधीं दिलें होतें काय?

'लेड झेपेलिन' या इंग्रज हार्ड रॉक वाद्यवृंदाचें उदाहरण पाहूं. १९६९ सालीं त्याचे पहिले दोन गीतसंग्रह निघाले आणि विजेच्या गिटारीचा गडगडाट म्हणजेच लेड झेपेलिन, अशी श्रोत्यांची समजूत झाली. १९७० सालीं जिमी पेज व रॉबर्ट प्लँट हे वेल्समधील, विजेची सोय नसलेल्या एका कुटीरांत जाऊन राहिले. आणि त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत निघालेल्या तिसऱ्या संग्रहाची दुसरी बाजू बहुतेक साध्या गिटारीवरील, लोकगीतांच्या वळणाच्या गाण्यांनीं भरलेली निघाली. संग्रह इंग्लंड-अमेरिकेंत विक्रीच्या अग्रस्थानीं पोंचला खरा. पण हें दुसऱ्यांचें अनुकरण आहे, अशी ओरड कांहीं टीकाकारांनीं केलीच. १९७१ सालच्या चौथ्या संग्रहाच्या वेष्टणावर मग त्यांनीं आपलें नांवच छापलें नाहीं. नांव पाहूं नका, गाणें ऐका, असेंच जणू त्यांस सांगावयाचें होतें.

प्रत्येक बदल प्रामाणिकच असतो, असें आमचें म्हणणें नाहीं. वारा येईल तशी पाठ देणारे कलावंतांतही पुष्कळ असतात. मग खरा बदल ओळखावा कसा? आम्हांस वाटतें, नव्याचें मूळ जुन्यांत सांपडतें कीं नाहीं, हें पाहावें. याच वृंदाच्या पहिल्या संग्रहांत तबल्याच्या साथीनें वाजविलेली साध्या गिटारीची एक रचना आहे. आणि तिसऱ्याचा आरंभ जुन्याच गडगडाटानें होतो. म्हणजे बीज पूर्वींच पडलें होतें. गडगडाटाला भुललेल्या कानांनीं त्याची दखल घेतली नव्हती, इतकेंच.

हा विचार आम्हांस अधिक झोंबतो तो शिक्षक म्हणून. एका नाटकावरील आमचीं टिपणें विद्यार्थ्यांस फार आवडत. म्हणून, त्यांतील मुख्य मत आम्हांला पटेनासें झाल्यावरही, तींच आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत वाचलीं. वर्ग संतुष्ट होता. आपली फसवणूक होत आहे, असा संशयही कोणास आला नाहीं. परंतु श्रोत्यांशीं इमान राखणें म्हणजे त्यांची आवड सांभाळणें नव्हे. आपणांस खरें वाटतें तें त्यांच्यापुढें ठेवणें होय. त्या अर्थानें इमान राखलें तें त्या वृंदानें, आम्हीं नाहीं.