प्रमाण कोणते, अंतिम कोणते?

ज्या घरात आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि नातवंडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, अशा आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांत आज पवित्र बायबलच्या दोन-तीन इंग्रजी प्रती सहज सापडतात. एक परदेशी गेलेल्या नातलगाने आणलेली, एक शाळेत बक्षीस मिळालेली, एक प्रार्थनागटासाठी विकत घेतलेली. तिन्ही शेजारी ठेवून एकच वचन वाचले तर शब्द निराळे भरतात. स्तोत्रांचे क्रमांकही कधीकधी जुळत नाहीत. मग प्रश्न येतो, 'फादर, ह्यांतले खरे बायबल कोणते?' प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एखादे भाषांतर 'हेच, ह्यापुढे दुसरे नको' असे म्हणण्याजोगे कशामुळे ठरते? आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणाला?

ह्या मानावर तीन दावेदार हक्क सांगतात. पहिला म्हणजे अधिकाऱ्यांची मोहोर. दुसरा म्हणजे लोकांच्या ओठी रुळलेली वापराची सवय. तिसरा म्हणजे मूळ ग्रंथाशी निष्ठा. इंग्रजी बायबलच्या इतिहासात हे तिघेही आपल्याला भेटतात. त्यांची एकेक करून परीक्षा घेणे उचित होईल.

प्रथम मोहोर. 382 च्या सुमारास पोप दमासस ह्यांच्या सांगण्यावरून संत जेरोम ह्यांनी लॅटिन शुभवर्तमाने सुधारण्याचे काम हाती घेतले. पुढे त्यांनी जुन्या कराराचा बहुतेक भाग थेट हिब्रूतून भाषांतरित केला. हेच काम कालांतराने 'वुल्गाता' म्हणून प्रसिद्धीस आले आणि 1546 मध्ये ट्रेंटच्या विश्वपरिषदेने ते प्रमाण म्हणून जाहीर केले. परंतु प्रमाण म्हणजे काय? 1943 च्या आपल्या परिपत्रकात पोप पायस बारावे ह्यांनी ह्याचा उलगडा केला. श्रद्धा आणि नीती ह्यांच्या बाबतीत हा पाठ चुकीच्या वाटेने नेणार नाही, अध्यापनात व वादविवादात तो निर्धास्तपणे आधाराला घ्यावा, एवढाच त्या घोषणेचा आशय होता. मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांचा मान त्यामुळे कमी होत नव्हता. म्हणजे ख्रिस्तसभेने 'प्रमाण' म्हटले होते, 'अंतिम' म्हटले नव्हते. ह्या दोन शब्दांतील अंतर आपण पुष्कळदा विसरतो.

ते विसरले की काय होते, ह्याचाही दाखला इतिहासात आहे. 1590 मध्ये पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी वुल्गाताची स्वतः जातीने सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तिच्यात कोणी फेरफार करू नये असे फर्मावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते निवर्तले. लागलीच त्या आवृत्तीची विक्री थांबवण्यात आली आणि 1592 मध्ये पोप क्लेमेंट आठवे ह्यांच्या कारकिर्दीत कितीतरी ठिकाणी दुरुस्त केलेली नवी आवृत्ती बाहेर पडली. पुढे 1979 मध्ये ख्रिस्तसभेने 'नव वुल्गाता'ही दिली. मोहोर आवश्यक आहे. तिच्यावाचून सामान्य श्रद्धावंताने कोणाच्या हातावर विसंबावे? परंतु मोहोर पाठाला आधार देते, पूर्णत्व देऊ शकत नाही.

आता सवय. 1611 साली इंग्लंडचा राजा जेम्स ह्याच्या काळात प्रॉटेस्टंट पंडितांनी जे बायबल सिद्ध केले, ते पुढे 'अधिकृत भाषांतर' ह्या नावाने जगभर गाजले. गंमत अशी की, ते अधिकृत केल्याचा कोणताही राजाचा लेखी हुकूम आज उपलब्ध नाही. आरंभी लोक आपल्या हातातले 1560 चे जिनिव्हा बायबलच वाचत राहिले. दोन पिढ्या गेल्या, तेव्हा कोठे नव्याने जुन्याची जागा घेतली. एवढेच नव्हे, तर आज 1611 चे म्हणून जे छापले जाते, ते बहुतांशी 1769 साली ऑक्सफर्ड येथे शुद्धलेखन व विरामचिन्हे सुधारून सिद्ध केलेल्या पाठावर आधारलेले असते. स्वतः त्या भाषांतरकारांनी आपल्या प्रस्तावनेत अंतिमतेचा दावा केला नव्हता. आधीच्यांचे चांगले काम अधिक चांगले करावे, एवढाच हेतू त्यांनी सांगितला होता, आणि जेथे अर्थाची खात्री नाही तेथे समासात दुसरा अर्थ द्यावा ह्या रीतीचे समर्थन केले होते. अंतिमतेचा मुकुट त्यांच्या ग्रंथाला पुढच्या पिढ्यांच्या प्रेमाने चढवला.

प्रेमाची ही सत्ता लहान नव्हे. संत ऑगस्टीन ह्यांनी संत जेरोम ह्यांना लिहिलेल्या पत्रात उत्तर आफ्रिकेतील ओएआ नगरीची हकिगत येते. तेथील महागुरुस्वामींनी योना संदेष्ट्याचे पुस्तक जेरोम ह्यांच्या नव्या भाषांतरातून वाचावयास लावले. योनाच्या डोक्यावर सावली धरणारी वनस्पती जुन्या पाठात भोपळ्याचा वेल होती. नव्यात ती निराळीच वेल निघाली. लोकांनी असा गोंधळ केला की महागुरुस्वामींना आपला कळप गमावण्याची वेळ आली. आपण हसू, परंतु लोक वेलीसाठी भांडत नव्हते. जे शब्द ऐकत त्यांचे आईबाप मृत्यूला सामोरे गेले, ते शब्द कोणीतरी न विचारता काढून घेत आहे, ही त्यांची व्यथा होती. ती व्यथा आदरास पात्र आहे. तथापि ज्या शब्दावर प्रेम जडले तो खराच असतो, असे मात्र तिच्यावरून सिद्ध होत नाही.

आपल्या कॅथलिक घराण्याचा जुना इंग्रजी ग्रंथ म्हणजे 'डुए-रीम्स' बायबल. राणी एलिझाबेथच्या राजवटीत इंग्लंडमध्ये कॅथलिकांना थारा नव्हता. तेव्हा देशोधडीला लागलेल्या विद्वानांनी ग्रेगरी मार्टिन ह्यांच्या अथक परिश्रमांतून ते सिद्ध केले. नवा करार 1582 मध्ये रीम्स येथे आणि जुना करार 1609-10 मध्ये डुए येथे छापला गेला. (त्याच सुमारास दुसरे एक इंग्रज कॅथलिक, फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यात राहून मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचत होते, हे आपण अभिमानाने आठवावे. ते 1616 साली छापले गेले.) पुष्कळ कॅथलिक घरांत डुए-रीम्सलाच एकमेव खरे इंग्रजी बायबल मानतात. परंतु आज त्या नावाने जे मिळते, त्याचे रूप 1749 ते 1752 ह्या काळात महागुरुस्वामी रिचर्ड चॅलोनर ह्यांनी पालटलेले आहे. हे फेरफार इतके मोठे होते की, 1859 मध्ये जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी तो जवळजवळ नवाच अनुवाद ठरवला. शिवाय ह्या सुधारणेत चॅलोनर ह्यांनी 1611 च्या प्रॉटेस्टंट भाषांतरातील पुष्कळ शब्दकळा उचलली, आणि त्या भाषांतराने आपल्या वेळी रीम्सच्या नव्या करारातून शब्द घेतले होते. दोन शेजारी भांडत होते आणि परसदारी एकमेकांच्या विहिरीचे पाणी भरत होते.

तिसरा दावेदार निष्ठा. येथे प्रश्न खरा धारदार होतो, कारण निष्ठेपायी माणसांनी प्राण दिले आहेत. विल्यम टिंडल ह्यांनी ग्रीकमधून केलेला इंग्रजी नवा करार 1526 मध्ये व्होर्म्स येथे छापला गेला. त्यांनी ग्रीक 'एक्लेसिया'साठी 'चर्च' न म्हणता 'काँग्रिगेशन' म्हणजे मंडळी म्हटले, 'आगापे'साठी 'चॅरिटी' न म्हणता 'लव्ह' म्हटले, आणि 'मेतानोइया'साठी प्रायश्चित्ताचा रूढ शब्द सोडून हृदयपालटाचा शब्द घेतला. संत थॉमस मोर ह्यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. हे निवळ शब्दांचे फेरफार नसून ख्रिस्तसभेचे संस्कार आणि पौरोहित्य ह्यांच्या मुळाशी घातलेला घाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 1535 मध्ये मोर ह्यांनी आपल्या सद्सद्विवेकासाठी राजाज्ञेने मस्तक दिले. 1536 मध्ये टिंडल ह्यांना नेदरलँड्समध्ये गळा आवळून ठार मारून जाळण्यात आले.

ह्या वादाचा निकाल काय लागला? पुढे 1611 च्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता की 'चर्च' हा जुना शब्द राखावा. त्या शब्दापुरता मोर ह्यांचा पक्ष जिंकला. परंतु करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आज कॅथलिक इंग्रजी बायबलमध्येही आपण 'लव्ह' वाचतो, आणि योहान बाप्तिस्ता जेव्हा हृदयपालटाची हाक देतो तेव्हाही शब्द टिंडल ह्यांच्या बाजूचा असतो. रक्ताने लढलेला वाद चार शतकांनी दोघांमध्ये वाटून घेतला गेला. एकमेकांना पाखंडी आणि जुलमी म्हणणारी ही दोन माणसे आज आपल्या एकाच पानावर शेजारी बसली आहेत.

निष्ठेची दुसरी कसोटी आपल्याला प्रतिकूल वाटणाऱ्या शब्दापाशी लागते. यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्द आहे 'आल्मा', म्हणजे तरुणी. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी म्हटले आणि संत मत्तय ह्यांनी आपल्या शुभवर्तमानात तोच ग्रीक शब्द घेतला. 1952 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'रिव्हाइज्ड स्टँडर्ड' भाषांतराने यशयात 'तरुणी' असा शब्द योजला, तेव्हा एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळले. परंतु 2011 च्या 'न्यू अमेरिकन बायबल'च्या सुधारित कॅथलिक आवृत्तीतही 'तरुणी' हाच शब्द आहे. पवित्र मरियेच्या कौमार्यावरील आपली श्रद्धा त्यामुळे ढळत नाही, कारण ती शुभवर्तमानावर आणि ख्रिस्तसभेच्या अखंड साक्षीवर उभी आहे. यशयाच्या तोंडी आपल्याला सोयीचा शब्द घातल्यानेच जी श्रद्धा टिकते, ती श्रद्धा नसून भीती असते.

तरीही केवळ निष्ठा पुरत नाही. फादर रोनाल्ड नॉक्स ह्यांनी एकट्याने वुल्गातावरून संपूर्ण बायबल इंग्रजीत आणले. नवा करार 1945 मध्ये आणि जुना 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची विद्वत्ता आणि भाषाप्रभुत्व ह्यांविषयी दुमत नव्हते, इंग्लंडच्या महागुरुस्वामींची संमतीही होती. परंतु त्यांचे काम चालू असतानाच 1943 च्या त्या परिपत्रकाने अभ्यासकांना मूळ भाषांकडे वळण्यास उत्तेजन दिले. दोन दशकांत दुसरे ग्रंथ पुढे आले. तेवढ्याने नॉक्स ह्यांचे श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या पिढीने त्यांच्या शब्दांत संत पौलाची पत्रे प्रथमच समजून घेतली, तिच्यापुरते ते काम सफळ झाले.

उपासनेतही हेच घडले. 1973 च्या इंग्रजी मिस्सापुस्तकाने अर्थ सुलभ करण्यावर भर दिला. 2001 मध्ये रोमने लॅटिन शब्दाला अधिक धरून राहण्याची सूचना केली आणि 2011 पासून श्रद्धांगिकारात 'कन्सबस्टॅन्शिअल' हा जड शब्द आला, तर द्राक्षारसाच्या अभिषेकवचनात 'सर्वांसाठी' ऐवजी 'पुष्कळांसाठी' असे झाले. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी भाषांतराची मोठी जबाबदारी पुन्हा त्या त्या देशाच्या महागुरुस्वामींच्या परिषदांकडे सोपवली. एकाच पुजाऱ्याच्या हयातीत एकाच वेदीवर हे सर्व घडले, आणि प्रभूचे शरीर व रक्त मात्र तेच राहिले.

मग कोणी विचारील, एकही भाषांतर अंतिम नसेल तर आपल्या पायाखाली जमीन कोणती? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रभू येशू लोकांशी अरामाईक भाषेत बोलत असत. शुभवर्तमाने मात्र ग्रीक भाषेत आपल्या हाती आली. म्हणजे प्रभूची बहुतेक वचने आपल्यापर्यंत पोहोचली तीच मुळी भाषांतरातून. पवित्र आत्म्याने ह्यात कमीपणा मानला नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सर्वांना एक भाषा शिकवण्याऐवजी त्याने प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू दिले. आपला पाया एखादे भाषांतर नाही. तो देहधारी झालेला शब्द आहे. अंतिम असेल तर तोच. भाषांतरे त्याचे सेवक आहेत, आणि सेवकाचे भूषण अंतिम असण्यात नसून विश्वासू असण्यात असते.

ह्याचा अर्थ सारी भाषांतरे सारखीच, असा नव्हे. सेवकांतही इमानी आणि बेइमान असतात. म्हणून घरासाठी प्रत निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. जुन्या करारातील 46 आणि नव्यातील 27 अशी 73 पुस्तके तिच्यात आहेत काय? ख्रिस्तसभेची संमती आरंभीच्या पानांवर छापलेली आहे काय? आणि जेथे अर्थ अनिश्चित आहे तेथे तळटीप ते प्रांजळपणे सांगते काय? आपल्या देशात 'इंग्लिश स्टँडर्ड' भाषांतराची कॅथलिक आवृत्ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 2020 पासून इंग्रजी मिस्सातील वाचनांसाठी ती स्वीकारण्यात आली. इंग्लंड व वेल्स येथेही 2024 च्या आगमनकाळापासून तीच वाचली जात आहे. मुलांनी ती वापरावी. स्तोत्रांचे क्रमांक जुन्या डुए प्रतीशी जुळले नाहीत तर घाबरू नये. मेंढपाळाचे स्तोत्र तेथे बाविसावे आहे, येथे तेविसावे, आणि मेंढपाळ एकच आहे.

आणि जुनी प्रत? ती अडगळीत टाकू नये. तिच्या समासात कोणी तारखा लिहिल्या असतील, कोणा मृताचे स्मृतिपत्र पानांत ठेवले असेल. नव्या प्रतीत अर्थ अधिक नेमका असेल, परंतु जुन्या प्रतीत हे वचन जगून दाखवलेल्या माणसांची साक्ष आहे. तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या पाठ शब्दांना हसू नये, वडीलधाऱ्यांनी नव्या शब्दांना पाखंड म्हणू नये. संध्याकाळच्या प्रार्थनेत दोन्ही प्रती उघडाव्यात, एकच उतारा दोन्हींतून वाचावा, आणि जेथे शब्द वेगळे पडतात तेथे थांबून एकमेकांस विचारावे, प्रभूला येथे काय सांगावयाचे असेल? पुष्कळदा त्या फटीतूनच प्रकाश आत येतो.