फाइलच्या नावानंतरचं तुझं नव्हे

धुळे

चि. भाचेबुवांस,

जळगावहून पाठवलेला तुझ्या स्क्रिप्टिंग भाषेचा आराखडा वाचला. व्याकरण नेटकं झालंय. कमांड लाइनचा भाग मात्र उरकून टाकल्यासारखा वाटतो, आणि वापरणाऱ्याची पहिली गाठ तिथेच पडते.

कोणतं आर्ग्युमेंट भाषेचं आणि कोणतं स्क्रिप्टचं, हे तू ठरवलेलंच नाहीस. ओळीत कुठेही '-व्ही' दिसला की तुझा इंटरप्रिटर तो स्वतःकडे ओढतो. मग स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतःचा '-व्ही' ठेवायचा कुठे? 'पायथन -व्ही भाव.पीवाय -व्ही' यातला पहिला पायथनचा, फाइलच्या नावानंतरचा स्क्रिप्टचा. आपली धुळ्याची ब्रँच लाइन चाळीसगावला संपते आणि पुढे मेन लाइन लागते, तसं फाइलचं नाव आलं की तुझी हद्द संपली.

शिबँगचाही विचार कर. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरच्या मार्गापुढे जे लिहिशील ते लिनक्स एकच आर्ग्युमेंट म्हणून देतं, मध्ये स्पेस असली तरी. म्हणून एकअक्षरी पर्याय पर्लसारखे जोडून लिहिता आले पाहिजेत. लांब नावांना दोन डॅश दे, आणि नुसता '--' आला की पर्याय संपले असं समज. नुसत्या '--'बद्दल पॉसिक्सचा नियमही तोच आहे. 'डीडी' या कमांडसारखी 'आयएफ=' अशी वेगळी तऱ्हा काढू नकोस. ती लोकांना पन्नास वर्षं छळते आहे.

सगळी आर्ग्युमेंटं जोडून पुन्हा स्पेसवर तोडण्याचा तुझा प्रकार तर आधी काढून टाक. युनिक्सवर शेलने ती आधीच वेगळी करून दिलेली असतात. 'रावेर केळी भाव' या फाइलचे तू तीन तुकडे करशील, आणि आपल्याकडे फाइलींना नावं अशीच देतात. विंडोजवर मात्र प्रोग्रॅमच्या हाती सगळी ओळ एकसंध येते. अवतरणचिन्हं सांभाळून ती फोडणं त्याच्याच गळ्यात. ते काम स्वतः करू नकोस, सीच्या लायब्ररीवर सोड.

सुधारलेला आराखडा पाठव. अनोळखी पर्याय दिला तर काय संदेश येतो आणि एक्झिट कोड कोणता, तेही त्यात लिही. शून्य चालणार नाही.

तुझा मामा