संपातला बाहेरचा माणूस

संप सुरू झाला की दुसऱ्या दिवसापासून चर्चेचा सूर ठरलेला असतो: जनतेला वेठीस धरले. कॅमेरे बसस्थानकावर जातात, ताटकळलेली एखादी आजी सापडते आणि सगळा प्रश्न गैरसोयीचा होऊन बसतो. ज्याच्यामुळे संपाचे पारडे खरोखर फिरते, तो संपकऱ्याच्या जागी येऊन काम करणारा बाहेरचा माणूस या चर्चेत कुठेच नसतो.

मार्च 2023 मध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा तो क्षणभर दिसला. ‘यांना काढा, अर्ध्या पगारात आम्ही काम करतो,’ असे बेरोजगार तरुण म्हणू लागले आणि पेन्शनच्या नावाने आधीच चिडलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमागे एक युक्तिवाद आहे आणि तो भल्याभल्यांच्या तोंडी असतो: मी तिऱ्हाईत. भांडण सरकारचे आणि त्याच्या नोकरांचे. काम पडून होते, मी केले. बाजू कुणाचीच घेतली नाही.

हे खोटे आहे, आणि कसे ते नीट पाहायला हवे. संपकऱ्याच्या हातात असते काय? साठवलेला पैसा नाही, सत्ता तर नाहीच. असते ती फक्त त्याची रिकामी जागा. ती रिकामी राहील तोवर समोरच्याला बोलणी करावी लागतात. ती जागा जो भरतो त्याने निकालच लावलेला असतो. वर आपण पंचही नव्हतो म्हणतो. मग प्रवासीही दोषी का, असे तिऱ्हाईत विचारतो. नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये एसटी ठप्प झाली आणि सरकारने खासगी गाड्यांना, अगदी शाळेच्या बसनाही, प्रवासी नेण्याची मुभा दिली. वडापमध्ये अंग चोरून तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या बाईने कुणाचीच जागा घेतली नव्हती. संपकरी चालकाच्या स्टिअरिंगवर जो बसतो त्याने घेतली. ‘मी नसतो तर दुसरा कुणी बसला असता’ हा तिऱ्हाइताचा शेवटचा आडोसा. बसला असता, मग जाब त्याला विचारला असता. अर्ध्या पगारवाल्याला तर तिऱ्हाईत म्हणणेच हास्यास्पद आहे. तो लिलावात बोली लावतो आहे, आणि उद्या त्या खुर्चीचा पगार अर्धाच राहिला तर तो त्यालाही अर्धाच मिळणार आहे.

संप बेकायदा होता, या उत्तरात मला रस नाही. कायदा शिक्षा ठरवतो. कुणी कुणाच्या पोटावर पाय दिला हे ठरवत नाही.

इथवर मला शंका नाही. पण इथे गिरणगाव आडवे येते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला, आणि तिथे दलित कामगारांना मज्जाव. कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तर सवर्ण विणकर बाटणार. हा विटाळ शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा होता. मालकाला तो आयता मिळाला. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. ती घेतली नाही तर आपल्या लोकांना संपापासून दूर ठेवू, असे बजावले. युनियनने ती नाखुशीनेच घेतली. 1929 च्या संपात आंबेडकरांनी दलित कामगारांना कामावर जायला सांगितले.

ज्यांना संप मोडणे म्हणजे सदासर्वकाळ फितुरीच वाटते, त्यांना याचे उत्तर देता येत नाही. हेच आंबेडकर 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. संपाच्या हत्याराशी त्यांचे वैर नव्हते.

म्हणून मला भेद करावासा वाटतो तो बाहेरचा आणि बाहेर ठेवलेला यांच्यात. बाहेर ठेवलेल्याला संपकऱ्यांनी आपल्यात कधी घेतलेच नव्हते. ज्या घरात त्याला शिरू दिले नाही, त्या घराशी इमान राख असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? मात्र त्याच्या कामावर जाण्याच्या हक्काला मी एक अट घालतो, आणि ती थोडी निष्ठुर आहे हे मान्य. त्याने आधी दार वाजवलेले हवे, तेही चारचौघांत. आंबेडकरांनी वाजवले होते. मालकाच्या मागल्या दाराने गुपचूप आत जाऊन नंतर वंचिततेचा दाखला काढणे वेगळे.

आज अनेक खात्यांत कायम कर्मचाऱ्याच्या शेजारी कंत्राटी माणूस तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतो. कायम कर्मचाऱ्यांच्या किती संघटनांच्या मागणीपत्रात त्याचे कलम असते? असलेच तर शेवटचे, आणि बोलणी सुरू झाली की पहिले गळते तेही तेच. अशा संघटनेने संपाच्या दिवशी फाटकावर उभे राहून त्याला फितूर म्हणू नये. अर्ध्या पगाराची बोली लावणाऱ्या त्या तरुणांतही बाहेर ठेवलेले काही असतील. त्यांनी नोकरभरतीची मागणी घेऊन या संघटनांकडे जावे, आणि संघटनांनी ती पहिल्या पानावर घ्यायला नकार दिला, तर मग त्यांच्या कामावर जाण्याविरुद्ध माझ्याकडे युक्तिवाद उरत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांविरुद्ध उरतो.