तक्रारीनंतरही तिचं कॉलेज सुरू राहायला हवं

लाखनी हे नागपूर-रायपूर महामार्गावरचं तालुक्याचं गाव. पालांदूर, पोहरा, सालेभाटा अशा गावांतल्या मुली एसटीने इथे शिकायला येतात. त्यांच्यापैकी एखादीला प्राध्यापकाचा, कर्मचाऱ्याचा किंवा वर्गातल्याच मुलाचा त्रास सुरू झाला, तर बहुतेक वेळा ती गप्प राहते. कायदा माहीत नाही, एवढंच त्याचं कारण नसतं. घरी कळलं तर ‘उद्यापासून कॉलेज बंद’ हे ऐकावं लागेल आणि पाठोपाठ स्थळं बघणं सुरू होईल, ही भीती तिला जास्त असते. त्रास देणारा आपल्या जागी राहतो आणि शिक्षण तिचं सुटतं. म्हणून महाविद्यालयातल्या लैंगिक छळाचा विचार मला एका प्रश्नापासून करावासा वाटतो: तक्रार केल्यावर तिचं शिक्षण सुरू राहील, याची हमी संस्था देते का?

ही हमी देण्याची सोय नियमांत आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा. तो कागदावरच राहिल्याची तक्रार पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. त्यावरचा निकाल 2012 साली आला आणि 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनी विद्यार्थिनींनाही त्या संरक्षणात स्पष्टपणे आणलं. त्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार मुलीचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. प्रॅक्टिकलचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे वर्ष पणाला लावायचं, हे प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. ते गुण दुसऱ्या प्राध्यापकाकडे सोपवण्याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. प्राचार्यांची इच्छा लागते.

अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या महाविद्यालयातल्या अंतर्गत समितीच्या रचनेकडेही नीट पाहायला हवं. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नसतील इतक्या स्त्रिया, बाहेरचा एक सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी, असं नियम सांगतो. विभागप्रमुखांसारखे वरिष्ठ पदाधिकारी समितीत नकोत, हेही सांगतो. तालुक्याच्या गावात याचं महत्त्व अधिक, कारण इथे सगळेच एकमेकांना ओळखतात. समितीतली मॅडम मुलीच्या मामाच्या शेजारी राहते, लिपिक तिच्याच गावचा असतो. अशा ठिकाणी ‘आपसात मिटवून टाका’ हा सल्ला फार लवकर येतो. बाहेरचा सदस्य संस्थेच्या मर्जीतला नसेल, विद्यार्थी प्रतिनिधी खरोखर निवडून आलेले असतील, तरच तो सल्ला अडवला जाईल. नाव बाहेर फुटू न देणं हे तर समितीवर कायद्याचंच बंधन आहे. गावात ते पाळणं कठीण आहे, म्हणूनच ते अधिक कसोशीने पाळायला हवं.

पण चांगला हेतू पुरत नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध 2009 साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, पण शेवटच्या टप्प्यात घाई केली आणि समोरच्याला बचावाची पुरेशी संधी दिली नाही. विद्यापीठाने त्याला नोकरीतून काढलं. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. आरोप खोटे आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. कार्यपद्धती चुकली, आणि समितीच्या अति-उत्सुकतेने तक्रारदारांच्याच बाजूचं नुकसान झालं, असं म्हणालं. चौदा वर्षांनी सगळं मागे आलं. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यायची, त्याच्या उत्तराला दहा दिवस द्यायचे, नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची: ही वेळापत्रकं वकिलांसाठी आहेत असं समजणाऱ्या समितीने गोव्याचं हे प्रकरण जरूर वाचावं. काटेकोर चौकशी आरोपीला न्याय देते हे खरंच, पण मुलीच्या बाजूने लागलेला निकालही तीच टिकवते.

‘तेव्हाच का बोलली नाहीस?’ हा प्रश्न समितीत अजून विचारला जात असेल, तर लाखनीसारखंच वैनगंगेच्या खोऱ्यातलं देसाईगंज आठवावं. 1972 साली तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे आपल्याच भागातल्या एका मुलीच्या वाट्याला आलेल्या अन्यायातून देश शिकला. आजचा नियमही तक्रारीला तीन महिने देतो आणि कारण पटलं तर आणखी तीन.

बसस्थानकावर पाठलाग करणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी महाविद्यालयाची समिती नाही, पोलीस आहेत. भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमानुसार पाठलाग हा गुन्हा आहे. मुलीला गुन्हा नोंदवायचा असेल तर संस्थेने सोबत जावं.

लाखनी आणि परिसरातल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की, प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात समितीतल्या माणसांना वर्गात नेऊन उभं करा, नावं आणि फोन नंबर सांगा, आणि तक्रार आल्याच्या दिवशीच त्या मुलीचे गुण दुसऱ्या हातात द्या. आणि पालकांना एवढंच सांगणं आहे: मुलीने घरी येऊन काही सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवू नका, तिच्यासोबत कॉलेजात जा.