बिघडलेली फाइल आणि ध्वंसाचा विचार

वीज अचानक गेल्याने संगणक बंद पडतो आणि तो पुन्हा सुरू केल्यावर काही फाइली उघडेनाशा होतात, तेव्हा त्या फाइलींचा नाश नेमका केव्हा झाला, हा प्रश्न वरवर तांत्रिक असला तरी भारतीय दर्शनांनी ‘ध्वंस’ या नावाने ज्याचा विचार केला त्याच्याशी तो थेट भिडतो. बिघाड विजेने केला आणि नाश पुसण्याने झाला, ही सर्वसाधारण समजूत पुरेशी नाही. कारण पुष्कळ फाइली पुसण्याच्या कितीतरी आधीच नष्ट झालेल्या असतात आणि काहींचा मजकूर पुसल्यानंतरही डिस्कवर जसाच्या तसा पडून असतो.

लिहिलेला मजकूर तत्काळ डिस्कवर जात नाही. वीज गेली की रिकामी होणाऱ्या स्मृतीत तो काही काळ थांबतो. लिनक्समधील एक्स्ट४ या फाइलव्यवस्थेत, म्हणजे कोणती माहिती डिस्कवर कोठे आहे याची व्यवस्था लावणाऱ्या रचनेत, होऊ घातलेले बदल आधी ‘जर्नल’ नावाच्या नोंदवहीत उतरतात आणि या नोंदी सामान्यतः दर 5 सेकंदांनी पक्क्या केल्या जातात. मात्र प्रचलित मांडणीत या वहीत रचनेतील बदल नोंदले जातात, मजकूर नव्हे. त्यामुळे वीज परतल्यावर जर्नल फाइलव्यवस्थेची सुसंगती सांभाळते, पण फाइलीत जे लिहिले होते ते खरोखर तेथे आहे याची हमी ते देत नाही.

न्याय-वैशेषिक मतानुसार कापड म्हणजे तंतूंचा ढीग नसून तंतूंहून वेगळा असा ‘अवयवी’ आहे. तंतू हे त्याचे समवायिकारण, म्हणजे ज्यात ते कापड आश्रयाने राहते ते द्रव्य, आणि तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायिकारण होय. द्रव्याचा नाश कोठे पहिल्याच्या नाशाने तर कोठे दुसऱ्याच्या नाशाने होतो, असे परंपरेचे म्हणणे होते. नव्य नैयायिकांनी सर्वत्र संयोगाचा नाश हेच कारण मानले. बिघडलेल्या फाइलींच्या बाबतीत हा भेद अतिशय नेमका लागू पडतो. डिस्कचा एखादा भागच वाचता येईनासा झाला तर तंतू तुटला. पण वीज गेल्यावर बहुधा घडते ते वेगळे. वर्डची डॉक्स फाइल ही वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेली असते आणि तिच्यातील भागांची सूची फाइलीच्या अगदी शेवटी असते. तो शेवटचा तुकडा डिस्कवर पोचला नाही, तर आतील परिच्छेद जवळजवळ अक्षत असूनही वर्ड ती फाइल उघडण्यास नकार देते. मजकूर आहे, त्याला एकत्र धरणारा संबंध नाही. दुरुस्तीची एफएससीके ही आज्ञा ज्यांना कोणत्याच फोल्डरमध्ये ठाव उरला नाही अशा फाइली लॉस्ट+फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये आणून ठेवते आणि त्यांना # या चिन्हापुढे केवळ एक आकडा असे नाव देते. पहिल्या काही बाइटांवरून तेथे चित्र आहे की पीडीएफ हे कळते. ते कोणाचे, कशाचे, हे मात्र उघडून पाहणाऱ्यालाच ओळखावे लागते.

पुसण्याची क्रियाही याच अंगाने तपासली पाहिजे. एक्स्ट४मध्ये फाइल पुसली की तिचे नाव जाते आणि तिचे तुकडे कोठे आहेत हे सांगणारी नोंद रिकामी होते. तुकडे मात्र त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतात. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार, म्हणजे कार्य हे कारणात आधीपासूनच असते या मतानुसार, हा नाश नव्हे, तिरोभाव, म्हणजे दृष्टीआड होणे, आहे, आणि परत मिळवलेली फाइल ही तीच फाइल पुन्हा प्रकट झालेली होय. नैयायिकांच्या मते प्रध्वंसाभावाला, म्हणजे वस्तूच्या नाशानंतरच्या अभावाला, आरंभ असतो, अंत नसतो. गेलेला अवयवी परत येत नाही आणि त्याच अवयवांतून जो निर्माण होतो तो नवा. येथे नैयायिकांची बाजू अधिक बळकट वाटते. पुनर्प्राप्तीची साधने कधीकधी असे छायाचित्र हाती देतात की ज्याचा वरचा अर्धा भाग एका प्रसंगाचा आणि खालचा दुसऱ्याच प्रसंगाचा असतो. दोन्ही भाग खरे असतात, पण त्यांतून बनलेले चित्र पूर्वी कधीही नव्हते. परत मिळालेल्या फाइलीला जुन्या फाइलीची विश्वासार्हता आपोआप लाभत नाही. ती नव्याने तपासावी लागते. एसएसडी या प्रकारच्या डिस्कवर तर, ट्रिम या सोयीमुळे पुसलेल्या जागा निरुपयोगी झाल्याचे डिस्कला कळवले जाते आणि डिस्क त्या यथावकाश रिकाम्या करते, म्हणजे संयोगामागोमाग तंतूही जातात आणि तिरोभावाला आधारच उरत नाही.

यावरून पुसण्याचा क्रम ठरतो आणि कोणाच्या आयुष्यभराच्या टिपणांचा किंवा गेलेल्या माणसाच्या छायाचित्रांचा प्रश्न असेल तेथे तो पाळणे हे कर्तव्य ठरते: प्रथम संपूर्ण डिस्कची प्रत, मग काहीही न बदलता तपासणी, मग त्या प्रतीवरच दुरुस्ती, आणि मगच पुसणे. सर्वांत फसवी असते ती शून्य बाइटांची फाइल, जिच्यात काहीच नाही म्हणून ती सर्वांत आधी पुसली जाते. ती नव्याने निर्माण होत असताना वीज गेली असेल, तर डिस्कच्या दृष्टीने तेथे प्रागभाव आहे, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव, आणि तिला पुसण्याने कशाचीच हानी होत नाही. पण जुनी फाइल रिकामी करून तिच्या जागी नवी लिहिली जात असताना वीज गेली असेल, तर तो प्रध्वंस आहे. या दुसऱ्या प्रसंगासाठी एक्स्ट४मध्ये 2009 साली संरक्षक उपाय घालण्यात आला असला तरी प्रत्येक फाइलव्यवस्थेत तो असतोच असे नाही, आणि रिकाम्या दिसणाऱ्या त्या नावाच्या मागे जुन्या मजकुराचे तुकडे अजून डिस्कवर असू शकतात.